आयरिश लोण्याचा खटला आणि मोजणाऱ्यांचा इतिहास

१/
२०१९ साली चेर्नोबिलवरील मालिका आली आणि ‘३.६ रॉन्टजेन’ हा आकडा पुण्यातील कट्ट्यांवरही पोहोचला. इतिहासप्रेमी तरुणांना तो आज विनोद म्हणून पाठ आहे. वास्तविक त्या आकड्यात विनोद काहीच नव्हता. २६ एप्रिल १९८६ च्या त्या रात्री कर्मचाऱ्यांच्या हाताशी असलेल्या मापकांची कमाल मर्यादाच सेकंदाला १,००० मायक्रोरॉन्टजेन, म्हणजे ताशी ३.६ रॉन्टजेन होती. काटा शेवटच्या रेघेला टेकला आणि जिथे टेकला तोच आकडा वर कळवला गेला. फुटलेल्या अणुभट्टीच्या ढिगाऱ्यापाशी खरे प्रमाण हजारोंच्या घरात होते.

२/
अणुकेंद्रातील प्रत्येक अपघातानंतर एक ठराविक वाक्य कानावर येते : ‘किरणोत्सर्ग मोजण्यात आला असून तो मर्यादेच्या आत आहे.’ शाळेत व्याकरण शिकलेल्या कोणाच्याही लक्षात येईल की या वाक्यात कर्ता नाही. कोणी मोजला? कशाने मोजला? आणि ज्या मर्यादेच्या आत तो आहे, ती मर्यादा कोणी, कधी आणि कोणासाठी आखली? अणुअपघातांचा सारा इतिहास या तीन प्रश्नांचा इतिहास आहे, आणि त्यातले एक प्रकरण महाराष्ट्राच्या राजधानीत घडले आहे. मराठी वाचकांना चेर्नोबिल ठाऊक असते, फुकुशिमा ठाऊक असते. मुंबईचा लोण्याचा खटला मात्र क्वचितच कोणाला आठवतो.

३/
गोष्ट अशी. युरोपीय आर्थिक समुदायाकडून भारताला दुग्धजन्य पदार्थांची मदत मिळत असे. दूध महापूर योजनेचा पाया त्याच मदतीवर उभा राहिला होता. चेर्नोबिलचा ढग युरोपावरून गेला, पावसाबरोबर सीझियम गवतावर उतरले, गवतातून ते गाईच्या दुधात आले. त्यानंतर १९८७ मध्ये आयर्लंडचे सुमारे २०० टन लोणी या मदतीतून मुंबईला पोहोचले. हे लोणी खाण्यास योग्य आहे का, असा प्रश्न घेऊन काही नागरिक मुंबई उच्च न्यायालयात गेले.

४/
लोण्याचे नमुने तपासले होते भाभा अणुसंशोधन केंद्राने. अन्नातील किरणोत्सर्गाची मर्यादा आखली होती अणुऊर्जा नियामक मंडळाने. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायालयाने तीन तज्ज्ञांची समिती नेमली : प्रा. एम. जी. के. मेनन, डॉ. पी. के. अय्यंगार आणि प्रा. जी. व्ही. के. राव. मंडळाने २७ ऑगस्ट १९८७ रोजी ठरवलेल्या मर्यादेच्या आत किरणोत्सर्गी द्रव्ये असलेले दूध, दुग्धजन्य पदार्थ व इतर अन्न माणसाला निर्धोक आहे काय, एवढाच प्रश्न समितीपुढे होता. समितीने उत्तर दिले : निर्धोक आहे. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उत्तर स्वीकारले आणि खटला संपला.

५/
आता कोण कोठे बसले होते ते पाहावे. डॉ. अय्यंगार हे त्या वेळी भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक होते, म्हणजे ज्या संस्थेने लोणी तपासले तिचेच प्रमुख. प्रा. मेनन यांनी होमी भाभांच्या पश्चात टाटा मूलभूत संशोधन संस्थेची धुरा वाहिली होती. मर्यादा आखणारे मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झाले ते सरकारी आदेशाने; त्याला स्वतःचा स्वतंत्र कायदा नव्हता आणि ते उत्तरदायी होते अणुऊर्जा आयोगाला. आयोगाचा अध्यक्ष तोच अणुऊर्जा विभागाचा सचिव, आणि भाभा केंद्र त्याच विभागाचे. तपासणारा, मर्यादा आखणारा आणि ती मर्यादा योग्य आहे असे न्यायालयाला सांगणारा अशा तिघांच्या दारांवरच्या पाट्या निराळ्या होत्या. वाडा एकच होता.

६/
येथे एक गोष्ट स्पष्ट केलीच पाहिजे, कारण या विषयावर लिहिणारे पुष्कळ जण ती मुद्दाम अस्पष्ट ठेवतात. ते लोणी विषारी होते असा कोणताही पुरावा नाही. मेनन आणि अय्यंगार यांची विद्वत्ता निर्विवाद होती आणि त्यांचा निष्कर्ष बरोबर असण्याचीच शक्यता अधिक आहे. तक्रार निष्कर्षाविषयी नसून तो तपासून पाहण्याचा मार्गच ठेवला नाही, याविषयी आहे. बरोबर उत्तर आणि पडताळता येणारे उत्तर यांत फरक असतो. पहिल्यावर विश्वास ठेवावा लागतो, दुसरे स्वतः करून पाहता येते. विज्ञान दुसऱ्या प्रकारच्या उत्तरांवर चालते. पहिल्या प्रकारच्या उत्तरांवर राजदरबार चालतात.

७/
‘पण त्या काळात देशात दुसरी तोलामोलाची प्रयोगशाळा होती कोठे?’ हा युक्तिवाद नेहमी पुढे येतो. तो खरा मानला, तरी त्यातून निघणारा निष्कर्ष युक्तिवाद करणाऱ्यांच्या विरोधात जातो. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देत होते. तुर्भ्याची ‘अप्सरा’ १९५६ ची. अणुयुगाला तीस वर्षे उलटल्यावरही लोण्यातले सीझियम मोजायला दुसरे घर नसेल, तर ती उणीव निसर्गाने निर्माण केलेली नव्हती.

८/
आता मर्यादेकडे वळू. ‘मर्यादेच्या आत’ म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, पाणी १०० अंशांना उकळते तशी ही निसर्गातली एखादी रेघ असावी. तशी ती नसते. किरणोत्सर्गाची मात्रा जितकी अधिक, तितकी कर्करोगाची शक्यता अधिक, असे मानून नियम आखले जातात. त्या चढत्या उतारावर ‘येथवर चालेल’ असे म्हणणे हा माणसांचा निर्णय असतो. त्यात विज्ञान असते, तसे अर्थकारणही असते.

९/
उदाहरण म्हणून नॉर्वे. चेर्नोबिलनंतर तेथे मांसातील सीझियमसाठी किलोला ६०० बेक्वेरेल अशी मर्यादा होती. रेनडियर दगडफूल खातो आणि दगडफूल हवेतले सीझियम स्पंजासारखे शोषते. मर्यादा तशीच ठेवली असती तर सामी लोकांचा रेनडियरपालनाचा धंदा आणि त्याबरोबर त्यांची जीवनपद्धती बुडाली असती. म्हणून नोव्हेंबर १९८६ मध्ये रेनडियरच्या मांसाची मर्यादा ६,००० करण्यात आली. स्वीडननेही रेनडियर, शिकारीचे मांस व गोड्या पाण्यातील मासे यांसाठी ती ३०० वरून १,५०० वर नेली. रेनडियरचे मांस रोज खाणारे लोक थोडे, हा हिशेब त्यामागे होता. निर्णय कदाचित शहाणपणाचाही असेल. परंतु तो निर्णय होता, आणि तेथील सरकारांनी तो निर्णय म्हणूनच उघडपणे मांडला.

१०/
विंडस्केलची कथा याहून बोलकी. १० ऑक्टोबर १९५७ रोजी ब्रिटनच्या या अणुभट्टीत आग लागल्याचे उघड झाले. आयोडीन-१३१ आसपासच्या कुरणांवर उतरले. दुधात किती आयोडीन चालेल, याची ठरलेली मर्यादाच तेव्हा अस्तित्वात नव्हती! शास्त्रज्ञांनी घाईघाईने गणित मांडून लिटरला ०.१ मायक्रोक्युरी हा आकडा काढला आणि सुमारे ५०० चौरस किलोमीटर प्रदेशातील दूध ओतून दिले गेले. लहान मुलांच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथी डोळ्यांपुढे ठेवून हा आकडा काढला होता, हे त्या शास्त्रज्ञांचे श्रेय आहे.

११/
मात्र त्याच आगीतून पोलोनियम-२१० ही बाहेर पडले होते. ते अण्वस्त्रांच्या घडणीत वापरले जाई, त्यामुळे सार्वजनिक हिशेबात त्याचा पत्ता नव्हता. १९८३ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनंतर, त्याचा समावेश अपघाताच्या अधिकृत आरोग्य-मूल्यमापनात झाला. विल्यम पेनी यांचा मूळ चौकशी अहवाल पंतप्रधान मॅकमिलन यांनी दडपला होता; तो जनतेला १९८८ मध्ये वाचायला मिळाला. योगायोग असा, की त्याच वर्षी दिल्लीत लोण्याच्या खटल्याचा निकाल लागत होता.

१२/
अपघातात एकूण किती किरणोत्सर्ग बाहेर पडला, हा आकडा तर सर्वांत फसवा. तो कधीच थेट मोजलेला नसतो. थ्री माइल आयलंडला मार्च १९७९ मध्ये धुराड्यावरील मापकांचे काटे मापनकक्षेच्या बाहेर गेले आणि नेमक्या महत्त्वाच्या तासांची नोंद हाती उरली नाही. मग बाहेर ठेवलेल्या मोजक्या मापकांवरून मागे जात जात झेनॉन वायूचा अंदाज बांधावा लागला.

१३/
सोव्हिएत शास्त्रज्ञांनी ऑगस्ट १९८६ मध्ये व्हिएन्नाला सविस्तर अहवाल सादर केला. जगाने त्यांच्या मोकळेपणाचे कौतुक केले आणि ते काही अंशी रास्तही होते. त्यांनी सांगितलेला आकडा, निष्क्रिय वायू वगळून, ५ कोटी क्युरींचा होता. तो काढला होता जमिनीवर पडलेल्या धुळीवरून, आणि जमीन मोजली होती फक्त सोव्हिएत संघाची. पोलंड, स्वीडन, ऑस्ट्रिया, वेल्स येथे पडलेले सीझियम त्या बेरजेत नव्हते. पुढे आंतरराष्ट्रीय अभ्यासांनी सीझियम-१३७ चा अंदाज ८५ पेटाबेक्वेरेलपर्यंत, म्हणजे मूळ आकड्याच्या दुपटीहून अधिक वर नेला. ढगाला सीमारेषा कळत नव्हती. मोजणाऱ्यांना ती चांगलीच कळत होती.

१४/
जपान लोकशाही देश, श्रीमंत देश, शिस्तीचा देश. फुकुशिमा प्रांतातील २४ मापन केंद्रांपैकी २३ मार्च २०११ मध्ये बंद पडली. काही त्सुनामीने, बाकीची वीज व संपर्क तुटल्याने. ढग कोणत्या दिशेने जाईल हे सांगणारी ‘स्पीडी’ नावाची संगणकीय प्रणाली चालू होती, पण तिचे नकाशे लोकांपर्यंत वेळेत पोहोचले नाहीत. नामिए गावातील लोक सुरक्षित म्हणून त्सुशिमा भागात गेले आणि ढग तेथूनच गेला. बाहेर पडलेल्या किरणोत्सर्गाचा नियामकाचा आकडा एप्रिलमध्ये ३,७०,००० टेराबेक्वेरेल होता, तो जूनमध्ये ७,७०,००० झाला. शाळांच्या मैदानांसाठी वर्षाला २० मिलिसीव्हर्ट ही मर्यादा ठरली, तेव्हा सरकारचे सल्लागार प्रा. तोशिसो कोसाको यांनी डोळ्यांत पाणी आणून राजीनामा दिला.

१५/
त्यानंतर जपानी नागरिकांनी जे केले ते या धाग्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. ‘सेफकास्ट’ या गटाने साधे, मोटारीला बांधता येणारे मापक तयार केले, गल्लोगल्ली फिरवले आणि प्रत्येक नोंद सर्वांना खुली केली. त्यांच्या नोंदींनी कधी सरकारचा आकडा खोटा ठरवला, कधी खरा ठरवला. सरकारवरचा विश्वास जेथे परत आला, तेथे तो अशा पडताळणीमुळे आला.

१६/
आता दुसऱ्या बाजूलाही चार शब्द ऐकवणे भाग आहे. ऑनलाइन मागवलेला गायगर काउंटर हातात घेऊन ‘बघा, टकटक वाजतोय!’ असे चित्रफितीत सांगणारे वीर हल्ली वाढले आहेत. काउंटर शनिवारवाड्यातही वाजेल. आकाशातून वैश्विक किरण येतात, जमिनीत युरेनियम, थोरियम, पोटॅशियम असते. दख्खनच्या काळ्या कातळात ही मूलद्रव्ये ग्रॅनाइटपेक्षा कमी, केरळच्या मोनाझाइट वाळूच्या तुलनेत तर नगण्य. सह्याद्रीच्या कुशीतील पुणेकर या बाबतीत नशीबवान आहे. आधीची नोंद नसेल तर नुसती टकटक काहीच सांगत नाही.

१७/
आणि कधी कधी काउंटर वाजतच नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये कारवारजवळच्या कैगा अणुवीज केंद्रात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये कोणीतरी ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले. पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या पोटात ते गेले. ट्रिटियमचा बीटा किरण इतका दुबळा असतो की गायगर काउंटरच्या नळीची भिंतही तो भेदू शकत नाही. प्रकार उघड झाला तो कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या लघवी तपासणीतून. म्हणजे केंद्राची अंतर्गत शिस्त येथे कामी आली, हे मान्य केलेच पाहिजे. आणि हौशी मापकाने येथे काहीही कळले नसते, हेही. स्वतंत्र मोजमाप म्हणजे खिशातले खेळणे नव्हे. त्यासाठी प्रयोगशाळा हवी, प्रशिक्षित माणसे हवीत, वर्षानुवर्षांच्या नोंदवह्या हव्यात.

१८/
अशा नोंदवह्या भारतात आहेत. तारापूर सुरू होण्याआधीपासून तेथे पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा आहे. मासे, दूध, भाजी, समुद्राचे पाणी यांचे नमुने तेथे तपासले जातात. काम चोख असते असे जाणकार सांगतात. ती प्रयोगशाळा वीजकेंद्र चालवणाऱ्या महामंडळाची नसून भाभा केंद्राची आहे, असे अभिमानाने सांगितले जाते. मात्र महामंडळही अणुऊर्जा विभागाचे आणि भाभा केंद्रही त्याच विभागाचे. सख्ख्या भावाने तपासलेला हिशेब चुकीचाच असतो असे नाही. बँक मात्र तो तेवढ्यावर मान्य करत नाही.

१९/
ही शंका केवळ बाहेरच्यांची नाही. नियामक मंडळाचे अध्यक्ष डॉ. ए. गोपालकृष्णन यांच्या कारकिर्दीत, १९९५ मध्ये, देशातील अणुकेंद्रांतील सुरक्षेच्या सुमारे १३० उणिवांची यादी तयार झाली. मंडळाच्या समित्यांत अणुऊर्जा विभागाच्याच माणसांचा भरणा असतो, असे ते पद सोडल्यावर जाहीरपणे सांगत राहिले. तो अहवाल लोकांना मिळावा म्हणून पीयूसीएल आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ मुंबई उच्च न्यायालयात गेले. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यातील कलम १८ पुढे करून सरकारने नकार दिला. १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे उचलून धरले. दरम्यान २००० साली भाभा केंद्रातील सुविधा मंडळाच्या देखरेखीतूनच काढून घेण्यात आल्या. २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांनी मंडळाच्या दुबळ्या स्थानावर बोट ठेवले. स्वतंत्र प्राधिकरणाचे विधेयक २०११ मध्ये लोकसभेत आले आणि २०१४ मध्ये व्यपगत झाले.

२०/
‘तारापूर कोठे, पुणे कोठे!’ असे म्हणणाऱ्यांनी नकाशा उघडावा. तारापूर पुण्यापासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत आहे, तुर्भे सव्वाशेच्या आत. भारतात बाह्य आणीबाणीचे नियोजन १६ किलोमीटरच्या वर्तुळापुरते आखले जात आले. फुकुशिमातील इइताते हे गाव केंद्रापासून सुमारे ४० किलोमीटरवर होते. तेथे पाऊस आणि बर्फ ढगाबरोबर आले आणि अख्खे गाव हलवावे लागले. स्वीडनमधील येव्हले चेर्नोबिलपासून हजार किलोमीटरहून दूर. त्या दिवशी तेथे पाऊस पडला म्हणून सीझियमही तेथेच पडले. वेल्सच्या डोंगरातील मेंढ्यांवरचे निर्बंध २०१२ मध्ये उठले, छब्बीस वर्षांनी. ढग कंपासाने काढलेल्या वर्तुळात राहत नाही. तो वाऱ्याने जातो आणि पावसाने उतरतो.

२१/
पश्चिमेकडून येणाऱ्या ढगाला सर्वाधिक पाऊस पाडायला लावणारी भिंत म्हणजे सह्याद्री. पुण्याचे पिण्याचे पाणी टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला येथून येते, म्हणजे त्याच भिंतीच्या पाणलोटातून. ढग, वारा, पाऊस यांचे गणित करणारी देशातील सर्वोत्तम माणसेही याच शहरात आहेत : शिवाजीनगरचे ‘सिमला ऑफिस’ १९२८ पासून, पाषाणची उष्णदेशीय हवामान संस्था १९६२ पासून. विद्यापीठ आहे, भौतिकशास्त्राचे विभाग आहेत. पानशेतच्या गाळातील सीझियम-१३७ चे आजचे प्रमाण काढून, पद्धत व आकडे सकट ते छापून ठेवायला अण्वस्त्रांचे कोणतेही गुपित लागत नाही. जर्मनीत सुमारे १,७०० मापकांच्या नोंदी कोणत्याही शाळकरी मुलाला घरबसल्या पाहता येतात. त्याने त्या देशाची सुरक्षा धोक्यात आल्याचे ऐकिवात नाही.

२२/
२८ एप्रिल १९८६ च्या सकाळी स्वीडनच्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांमुळे धोक्याची घंटा वाजली. तो केंद्रातून बाहेर जात नव्हता, आत येत होता. प्रथम सर्वांना वाटले, गळती आपल्याकडेच असावी. मग त्यांनी जुन्या नोंदी काढल्या, वाऱ्याची दिशा पाहिली, धुळीतील मूलद्रव्ये ओळखली आणि दुपारपर्यंत बोट पूर्वेकडे वळले. मॉस्कोने तोंड उघडले ते त्या रात्री. फोर्समार्कची ती नोंदवही अपघाताच्या दिवशी लिहायला घेतलेली नव्हती. ती कित्येक वर्षे रोज, काहीही घडत नसताना भरली जात होती.